टाका दिसू द्या

सहा वर्षांच्या मुलाच्या हाती सुई द्यायची असेल तर ती जाड द्यावी. तिचं नेढं मोठं असावं, दोरा जाडसर आणि रंगीत असावा, कापड भरड विणीचं असावं. सुई कुठून आत गेली आणि कुठून वर आली हे त्या पोराला डोळे न ताणता दिसलं पाहिजे. टाका अर्धा इंच लांब पडला तरी हरकत नाही, वाकडा पडला तरी हरकत नाही. मात्र दोन-चार दिवसांत त्या कापडातून काहीतरी कामाची वस्तू तयार झाली पाहिजे आणि ती त्याला घरी नेता आली पाहिजे. साधी नाडीची पिशवी झाली तरी पुरे.

हे आज इतकं साधं वाटतं, की यासाठी कधी कुणाला झगडावं लागलं असेल हे खरं वाटत नाही. पण झगडावं लागलं. १९११ साली स्कॉटलंडमधल्या दोन शिक्षिकांनी, ॲन मॅकबेथ आणि मार्गारेट स्वान्सन यांनी, 'एज्युकेशनल नीडलक्राफ्ट' नावाचं पुस्तक काढलं आणि शाळेतल्या शिवणकामाची अख्खी रीतच उलटी केली. हे प्रकरण त्यांतल्या मॅकबेथबाईंचं आहे. त्यांना मी बाई म्हणते, कारण मीही चित्रकलेची बाईच होते. नोकरीची वर्षं संपली तेव्हा खडू-फळा सुटला आणि सुई हातात आली. आता मी पिशव्या शिवते. एका हाताला रंगाची सवय असली की दुसऱ्या हाताला कापड फार परकं वाटत नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं. मॅकबेथबाईंना ते विशीतच कळलं होतं.

माझ्या लहानपणी शाळेत शिवणाचा तास असे. प्रत्येकीकडे पांढऱ्या कापडाचा वीतभर तुकडा, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि बारीक सुई. त्या तुकड्यावर धावदोरा, टीप, हेम, काज असे नमुने करायचे. हेम घातली की कापड सुलट करून उजेडात धरलं जाई. सुलट बाजूनं टाक्याचा ठिपका जरी दिसला तरी सगळं उसवायचं आणि पुन्हा घालायचं. उसवून उसवून तो तुकडा मळकट आणि लिबलिबीत होई. वर्षाच्या शेवटी वहीत चिकटवला जाई आणि तिथंच राही. त्याचं पुढं काही होत नसे. चांगला टाका म्हणजे न दिसणारा टाका, एवढं एकच त्या तासानं माझ्या मनावर बिंबवलं. ते पुसायला मला बरीच वर्षं लागली.

ही रीत आपल्याकडं उगवलेली नव्हती. इंग्लंडमध्ये १८६२ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांत मुलींना शिवण सक्तीचं होतं आणि अनुदान परीक्षेतल्या निकालावर मिळे. तपासनीस यायचा, नमुने बघायचा, टाका किती बारीक आणि किती सारखा हे पाहायचा. पाच-सहा वर्षांच्या मुली पांढऱ्या कापडावर पांढरे टाके घालत डोळे फोडायच्या. गरिबाघरच्या मुलींना पुढं मोलकरीण म्हणून किंवा शिवणकामावर पोट भरायचं आहे, तेव्हा त्यांना आत्तापासून शिस्त लागलेली बरी, असा त्यामागचा हिशेब. त्यात चित्र नव्हतं, रंग नव्हता, मुलीनं स्वतः काही ठरवायला तर जागाच नव्हती.

आता ग्लासगोकडं जाण्याआधी वाटेत एका गावी थांबायला हवं, कारण तिथं आपलं एक जुनं ओळखीचं माणूस भेटतं. ग्लासगोच्या पश्चिमेला पेझली नावाचं गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मिरी शाली ब्रिटनमध्ये पोचल्या आणि त्यांच्यासाठी तिथल्या बायका वेड्या झाल्या. शाली महाग होत्या, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेझलीच्या विणकरांनी त्यांच्या नकला मागावर विणायला घेतल्या. त्या शालींवरची नक्षी म्हणजे आपली कोयरी. आपण पैठणीच्या पदरावर, मेंदीत, रांगोळीत जी काढतो तीच. तिला पुढं इंग्रजीत 'पेझली' हेच नाव पडलं. आंब्याच्या कोवळ्या फळावरून आपण ज्या आकाराला नाव दिलं, त्याला एका थंड, पावसाळी गावाचं नाव मिळालं. १८७० च्या सुमारास फॅशन बदलली, शालींचा धंदा बसला.

याच गावातल्या एका शाल-कारखानदाराच्या घरी १८६४ साली जेसी रोवॅट जन्मली. कोयरीच्या सावलीत वाढलेली ही मुलगी ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, तिथले मुख्याध्यापक फ्रान्सिस न्यूबेरी यांच्याशी १८८९ साली तिचं लग्न झालं आणि १८९४ मध्ये तिनं त्याच संस्थेत भरतकामाचा वर्ग सुरू केला. कलाशाळेत भरतकाम! चित्र आणि शिल्प या थोरल्या जावा, भरतकाम स्वयंपाकघरात, अशी तेव्हाची उतरंड होती. न्यूबेरीबाईंचं म्हणणं असं, की मिरीदाणीचा आकार ठरवणं हेही आपल्या जागी कॅथेड्रलची कल्पना करण्याइतकंच मोलाचं काम आहे. त्यांनी नुसतं म्हटलं नाही. रेशीम आणि सोन्याची जर बाजूला ठेवून त्यांनी लिनन, मांजरपाट, गोणपाट असली स्वस्त कापडं वर्गात आणली.

त्यांच्या वर्गातून एक फूल जगभर गेलं, ते 'ग्लासगो रोझ'. हे फूल जवळून बघण्यासारखं आहे. भरतकामात गुलाब करायचा म्हणजे एकेक पाकळी छटा बदलत, लांब-आखूड टाक्यांनी भरत जायची, असा तोवरचा शिरस्ता. न्यूबेरीबाईंनी गुलाबी कापडाचा एक गोल कापला. कात्रीनं जसा येईल तसा, थोडा वाकडाच. तो लिननवर ठेवून कडेनं घट्ट भरीव टाक्यांनी पक्का केला. मग त्याच गोलावर आतल्या बाजूला दोन-तीन वळणदार रेषा त्याच टाक्यानं ओढल्या. झाला गुलाब. त्या रेषा दोन कामं करतात. एक, त्या पाकळ्यांच्या कडा दाखवतात. दुसरं, गुलाबी तुकडा खालच्या कापडाला मध्येही धरून ठेवतात, म्हणजे धुतल्यावर तो फुगत नाही. टाका काढला तर फूलही जातं आणि शिवणही जाते. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं बीज इथं आहे, आणि मॅकबेथबाईंनी पुढची पन्नास वर्षं ते वेगवेगळ्या मातीत पेरलं.

ॲन मॅकबेथ यांचा जन्म १८७५ चा, इंग्लंडमध्ये बोल्टन इथला. वडील स्कॉटिश, पेशानं इंजिनिअर, आजोबा नामांकित व्यक्तिचित्रकार. नऊ भावंडांत त्या थोरल्या. लहानपणी लाल पुरळाच्या तापात, ज्याला तिकडं स्कार्लेट फीव्हर म्हणतात, त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढं आयुष्यभर सुईचं काम केलं ते एका डोळ्यानं. लहान मुलांच्या डोळ्यांविषयी त्यांनी जे कळवळून लिहिलं ते वाचताना मला हे दर वेळी आठवतं.

१८९७ साली त्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आल्या. चित्र काढणाऱ्या मुलीला न्यूबेरीबाईंच्या वर्गात कापड भेटलं आणि तिथंच तिनं मुक्काम केला. १९०१ मध्ये त्या न्यूबेरीबाईंच्या साहाय्यक झाल्या आणि १९०८ मध्ये बाईंची तब्येत ढासळल्यावर विभागाच्या प्रमुख. स्वतःचं काम चालूच होतं: रेशमी भरतकामाची मोठी चित्रं, टेबलावरची आच्छादनं, उशांचे अभ्रे, गळपट्ट्या, पट्टे, आणि हातपिशव्या. 'द स्टुडिओ' या त्या काळच्या नावाजलेल्या कलामासिकात त्यांच्या कामाची चित्रं छापून येत. लंडनच्या लिबर्टी या दुकानानं त्यांची डिझाइनं घेतली. पण शनिवारी त्या वेगळंच काम करत. शाळांतल्या शिक्षिकांना सुट्टीच्या दिवशी बोलावून त्यांना शिवण शिकवायला शिकवत. एका शिक्षिकेला पटवलं की पन्नास मुली सुटतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हातपिशवी ही त्या काळात तशी तरुण वस्तू होती. सतराव्या-अठराव्या शतकात तिकडच्या बायकांचे खिसे म्हणजे घागऱ्याच्या आत कमरेला नाडीनं बांधलेल्या सुट्या पिशव्या असत. घागऱ्याला बाजूला चीर असे, तिच्यातून हात घालायचा. १७९० च्या सुमारास अंगाला लपेटून राहणारे झिरझिरीत पोशाख आले आणि आत पिशवी ठेवली की फुगवटा दिसायला लागला. तेव्हा खिसा बाहेर आला, हातात आला. त्याला 'रेटिक्यूल' म्हणू लागले. खाली लोंबता गोंडा, वर नाडी, बाईनं स्वतःच विणलेली किंवा भरलेली.

आपल्याकडची गोष्ट निराळ्या वाटेनं गेली. नऊवारीत पैसा कनवटीला जायचा नाहीतर पदराच्या गाठीत. बाकी गोष्टींसाठी बटवा. माझ्या आजीची चंची अजून माझ्याकडं आहे. बंद असली की तळहाताएवढी, उलगडली की हातभर लांब. घडीतल्या प्रत्येक कप्प्याला ठरलेला मालक: एकात पानं, एकात सुपारी आणि अडकित्ता, एकात चुन्याची डबी, एकात काताचे खडे. सगळ्यात बाहेरच्या टोकाला दोरी, ती गुंडाळून चंची बांधायची. कप्प्यांची कापडं वेगवेगळ्या लुगड्यांची आहेत आणि कडेनं फिरलेला धावदोरा पिवळा आहे, ठळक आहे. आजीला शिवणाचा तास कधीच नव्हता, म्हणून तिला टाका लपवायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही.

'एज्युकेशनल नीडलक्राफ्ट'मधली वाट अशी. मुलाचे डोळे आणि बोटं आधी पाहा, टाका मग ठरवा. लहान वयात स्नायू मोठ्या हालचाली करतात, म्हणून टाका मोठा. नजर बारीक तपशिलावर फार वेळ ठरत नाही, म्हणून कापड आणि दोरा यांचे रंग एकमेकांपासून वेगळे. जसं वय वाढेल, तसा टाका आपोआप लहान होत जाईल, कारण हात आता तेवढं बारीक काम मागायला लागतो. बारीक टाका ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. शाळांनी नेमकं उलटं केलं होतं. पुस्तकाला मार्गारेट मॅकमिलन यांची प्रस्तावना होती. गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचलेल्या या बाई. शिवणाच्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहावी, यातच ते पुस्तक कशाविषयी होतं ते कळतं.

त्यात मुलगे वगळलेले नाहीत. सुई आणि कापड मोकळेपणानं वापरून स्वतःचं काही रचणारा मुलगा किंवा मुलगी ही अंदाज मांडून पाहणाऱ्या शास्त्रज्ञाच्या आणि प्रयोग करणाऱ्या कलावंताच्या पंगतीला बसते, असा दोघी लेखिकांचा दावा होता. तो मला अतिशयोक्त वाटत नाही. पिशवी शिवताना मूल मोजतं, अंदाज बांधतं, चुकतं, उसवतं, पुन्हा बांधतं. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय होतं?

आता एक पिशवी जवळून पाहू. वीस इंच लांब आणि आठ इंच रुंद मांजरपाटाचा तुकडा घ्या. मधोमध दुमडला की दहा इंच उंचीची पिशवी झाली. दुमड खाली ठेवायची, म्हणजे तळाला शिवण येत नाही. पिशवीतला सगळा भार तळावर पडतो, तिथं अखंड कापड असावं, टाक्यांची भोकं नसावीत. ताणा उभा ठेवायचा. मागावर ताणलेले असतात ते हे धागे, साधारणपणे पीळदार आणि मजबूत. बाणा आडवा. मग दोन्ही बाजूंच्या शिवणी. इथं धावदोरा पुरत नाही. धावदोऱ्यात दोरा एकदा वर, एकदा खाली असा सरळ पळत जातो, एके ठिकाणी तुटला की ओढल्यावर सगळाच सुटत जातो. उलटी टीप घालावी, जिच्यात प्रत्येक टाका अर्धा मागं येऊन मगच पुढं जातो. एक तुटला तरी शेजारचे दोन धरून ठेवतात. तोंडाशी कापड दोनदा दुमडून नेफा करायचा, त्यातून दोन नाड्या विरुद्ध दिशांनी ओवायच्या. दोन्ही टोकं ओढली की तोंड आवळतं.

इथवर झाली शिवण. सजावट कुठं करायची? आपली पहिली ओढ असते पिशवीच्या पोटावर मधोमध फूल काढण्याची. मॅकबेथबाईंच्या वाटेनं गेलं तर हात आधी नेफ्याकडं जातो. नेफा धरून ठेवायला एक धावदोऱ्याची ओळ लागणारच आहे, तर ती तांबड्या दोऱ्यानं घाला. मग दुसरा, निळा दोरा घेऊन त्या तांबड्या टाक्यांच्या खालून, कापडाला न टोचता, एकदा वरून एकदा खालून ओवत न्या. नागमोडी दुपेडी पट्टी तयार होते. शिवण होती तिथंच, होती तेवढीच, पण आता ती बघावीशी वाटते. बाजूच्या शिवणीवर काजटाका घातला तर कडा उसवत नाही आणि दातेरी किनार मिळते. जिथं ताण आहे तिथंच टाके जास्त, आणि जिथं टाके जास्त तिथंच नक्षी. असं केलेल्या पिशवीकडं पाहिलं की ती कशी उभी राहिली ते वाचता येतं.

हे मला पुस्तकाआधी एका फाटलेल्या पिशवीनं शिकवलं. सुरुवातीच्या काळात मी खणाची एक पिशवी शिवली होती. समोर सुंदर कोयरी भरली होती, तिच्यावर चार दिवस खर्च केले होते. बंद मात्र तोंडाच्या कडेला एकेका ओळीनं टाचले होते, आणि ते टाके कुणाला दिसू नयेत म्हणून अगदी बारीक घातले होते. मंडईत कांदे, दुधीभोपळा आणि नारळ भरले आणि घरी येईपर्यंत एक बंद कापडासकट निघून आला. फाटलेली कड पाहिली तेव्हा कारण स्वच्छ दिसलं. बारीक टाक्यांच्या भोकांची ती ओळ टपाल तिकिटाच्या कडेसारखी झाली होती आणि सगळं वजन त्याच एका ओळीवर लटकत होतं. शिवाय खण नाजूक, आणि मी आत अस्तर घातलं नव्हतं.

तेव्हापासून मी बंद तोंडाच्या आत तीन इंच खाली आणते, आतून जाड कापडाचा तुकडा लावते, आणि तिथं चौकोन शिवून मध्ये फुली मारते. चौकोनाच्या चारही बाजूंना आणि फुलीच्या दोन्ही रेषांना भार वाटून जातो. हा चौकोन मी आता तांबड्या दोऱ्यानं शिवते. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते त्याच चौकोनाविषयी. बंदाशी छान नक्षी काढली आहे म्हणतात.

मॅकबेथबाईंच्या कामातलं मला सर्वात मोठं वाटतं ते मात्र पिशवी नाही, एक रजई आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं. मतासाठी लढणाऱ्या बायका तुरुंगात जात होत्या. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी तुरुंगात पहिल्यांदा अन्नत्याग केला आणि पाठोपाठ इतरांनीही. सप्टेंबरपासून सरकारनं उपाशी कैद्यांना नळीनं बळजबरीनं अन्न घालायला सुरुवात केली. १९१० मध्ये ग्लासगोत या चळवळीसाठी निधी उभारायला विक्री-प्रदर्शन भरलं, त्यासाठी मॅकबेथबाईंनी लिननची एक रजई रचली. तिच्यात लिननचे ऐंशी तुकडे. प्रत्येकावर, उपोषण केलेल्या एका बाईची सही, तिच्या स्वतःच्या वळणात, दोऱ्यानं भरलेली. कडेनं चळवळीच्या रंगांचे जांभळे आणि हिरवे पट्टे.

सही दोऱ्यात उतरवणं सोपं नाही. शाईची रेषा एका झटक्यात जाते. सुईला तेच वळण लहान लहान टाक्यांनी, मागं येत, थांबत गाठावं लागतं. अक्षर ज्या वेगानं लिहिलं गेलं तो वेग दिसला पाहिजे आणि टाकाही मोजता आला पाहिजे. सरकारी नोंदवहीत ज्यांची नावं कैदी म्हणून लिहिली गेली, त्यांची नावं इथं पांघरुणावर आली, आणि पांघरूण म्हणजे काय हे घरोघरी कुणाला सांगावं लागत नाही. ती रजई चळवळीच्या पुढारी एमेलीन पेथिक-लॉरेन्स यांनी १० पौंडांना विकत घेतली. मग तिला काठ्या लावून निशाण केलं आणि १८ जून १९१० च्या लंडनमधल्या मोठ्या मिरवणुकीत ते नेलं. आज ते लंडन म्युझियमच्या संग्रहात आहे. अंथरुणातून रस्त्यावर जाताना त्या कापडात फारसं काही बदलावं लागलं नाही. कापडाचा हा गुण मला फार जवळचा वाटतो. कॅनव्हासवरच्या चित्राला भिंत लागते, चौकट लागते. कापड घडी घालून काखेत मारता येतं आणि हवं तिथं उलगडता येतं.

मॅकबेथबाई लांबून सहानुभूती दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. १९१२ साली त्यांनी आपल्या संस्थेच्या सचिवांना लिहिलेलं पत्र आहे. पंधरा दिवसांची एकांत कैद आणि बळजबरीचं अन्न सोसून आल्यावर आपल्या अंगात अजून पुरेशी ताकद आलेली नाही, असं त्यात लिहिलं आहे आणि संस्थेनं दाखवलेल्या आपुलकीबद्दल आभारही. संस्थेनं त्यांना काढून टाकलं नाही. त्या काळात हे थोडं नव्हतं.

त्यांचं पुस्तक निघाल्यावर सव्वीस वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, आपल्याकडं वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी तिथं मांडलं, की मुलाचं सगळं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोवती गुंफावं. झाकिर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला, सेवाग्रामला टकळी फिरू लागली. वर्ध्याला मांडलेला विचार ग्लासगोहून आला असं मी म्हणत नाही, त्याची मुळं वेगळी, काळ वेगळा. पण हातानं काम करताना डोकं जागं होतं, ही गोष्ट दोन्हीकडं कळलेली होती. वर्ध्यात सूत कातताना मूल गणित शिकत होतं, ग्लासगोत पिशवीचा चौकोन मापताना. आपल्या शाळांत मात्र पुढं ही दोन्ही कामं 'कार्यानुभव' नावाच्या तासात गेली, आणि तो तास बहुधा गणिताचे सर घेऊन जात. मी शाळेत होते तोवर दर वर्षी त्या तासासाठी मुख्याध्यापकांकडं गेले आहे. अजूनही कुठं तो तास परत मिळाल्याचं ऐकलं की मला बरं वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर मॅकबेथबाई इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात पॅटरडेल नावाच्या खेड्यात राहायला गेल्या. अल्सवॉटर सरोवराच्या टोकाशी, डोंगरांच्या कुशीत हे गाव आहे. ग्लासगोचं काम त्यांनी १९२८ पर्यंत चालू ठेवलं, पण घर इकडं झालं. तिथं शेतकरी, मेंढपाळ यांची वस्ती आणि लोकर दारातली. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवायला घेतलं. सुईनं विणायच्या पद्धतीवर, चामड्यावरच्या भरतकामावर, शाळा आणि घर दोन्हींसाठीच्या हस्तकलांवर त्या एकेक पुस्तक लिहीत होत्या. १९२९ साली गावाकडच्या बाईनं घरच्या घरी गालिचे कसे करावेत यावर पुस्तक आलं: 'द कंट्री वुमन्स रग बुक'. कलाशाळेच्या मोठ्या दालनांतून त्यांचं काम शेवटी चुलीजवळ आलं, आणि मला वाटतं त्यांना तिथंच जायचं होतं.

पॅटरडेलच्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये त्यांनी भरलेला 'गुड शेफर्ड' आहे. कोकरू घेतलेला येशू हा ख्रिस्ती चित्रकलेत शेकडो वेळा आलेला विषय. मॅकबेथबाईंनी त्याच्या मागं पॅलेस्टाइनचे नाही, पॅटरडेलचे डोंगर भरले. प्रार्थनेला आलेल्या मेंढपाळाला खिडकीतून जे दिसत होतं तेच भिंतीवरही दिसत होतं. १९४८ साली त्या वारल्या.

शनिवारी सकाळी माझ्याकडं आसपासची दहा-बारा मुलं येतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला मांजरपाटाचा तुकडा, गोधडीची सुई आणि तांबडा दोरा देते. गोधडीची सुई मुद्दाम, कारण बहुतेकांच्या घरी ती असते आणि कुणाला तरी ती चालवताना त्यांनी पाहिलेलं असतं. गोधडी आधी कडेनं शिवत, एकेक चौकट आत घेत मध्यावर येतात, आणि लुगड्यांचे थर धरून ठेवणारा तो धावदोराच तिची नक्षी असतो. हे एकदा आठवून दिलं की मुलांना फार सांगावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सात वर्षांच्या मुलानं पिशवी पुरी केली. टाके कुठं लांब, कुठं आखूड, एका कोपऱ्यात दोऱ्याचा गुंता, त्यावर आणखी चार टाके. शिवून झाल्यावर मी त्याला पिशवी सुलट कशी करायची ते दाखवायला गेले. त्यानं दोन्ही बाजू नीट पाहिल्या. शिवण आत गेली की तांबडे टाके दिसत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं पिशवी परत उलटी केली, नाडी ओवली, खिशातल्या गोट्या एकेक करून आत टाकल्या आणि तशीच घरी घेऊन गेला.